फायरबेस, सुपाबेस, पॉकेटबेस: एकच देवघेव तीनदा लिहिल्यावर

एका छोट्या वाचनालयाचं देवघेवीचं ॲप गेले चौदा महिने माझ्या गळ्यात आहे. चार हजारांच्या आसपास पुस्तकं, साडेतीनशे सभासद आणि टेबलावर आळीपाळीने बसणारे सहा स्वयंसेवक. कुठली प्रत कोणाकडे आहे, कधी परत यायला हवी, अमुक पुस्तक आहे की नाही, एवढंच त्यात पाहायचं असतं. एवढ्याशा कामासाठी सर्व्हर एकीकडे, डेटाबेस दुसरीकडे, लॉगिनचं तिसरंच काही, असा पसारा मांडायची माझी तयारी नव्हती. म्हणून डेटाबेस आणि लॉगिन दोन्ही आयतं देणारे प्लॅटफॉर्म धरले. पहिले सहा महिने फायरबेस, त्यानंतर आजतागायत सुपाबेस. मधे हौसेखातर हेच ॲप पॉकेटबेसवरही लिहून पाहिलं. आता तिथे दुसरं एक छोटं काम चालतं.

सुरुवात कुठे सोपी, हे मी सांगत बसत नाही. पहिल्याच संध्याकाळी तिन्हीकडे पुस्तकांची यादी पडद्यावर आली होती. फरक कळायला लागला तो माणसं चुकीच्या नोंदी करायला लागली तेव्हा.

फायरबेस २०१२ साली आला तो रिअलटाइम डेटाबेस घेऊन. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि २०१७ मध्ये फायरस्टोअर हा दुसरा डेटाबेस आणला. मी वापरला तो फायरस्टोअर. यात तक्ते नसतात. कलेक्शन म्हणजे नोंदींचा गठ्ठा असतो, त्यात डॉक्युमेंट म्हणजे एकेक नोंद, आणि डॉक्युमेंटच्या पोटात हवं तर आणखी कलेक्शन. एका टेबलावर नोंद झाली की दुसऱ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर ती आपोआप उमटते, आणि त्यासाठी मला जेमतेम दहा ओळी लिहाव्या लागल्या. त्याहून भारी गोष्ट म्हणजे नेट गेल्यावरचं वागणं. वेबवर ती सोय मुद्दाम चालू करावी लागते, पण एकदा केली की नोंदी जागच्या जागी साठतात आणि नेट आलं की वर जातात. या एका बाबतीत बाकीचे दोघे त्याच्या जवळपासही नाहीत.

पैशांचा हिशेब मात्र किती डॉक्युमेंट वाचली, लिहिली, पुसली यावर. मोफत कोटा दिवसाला ५०,००० वाचनांचा. आकडा ऐकून मी निर्धास्त होते. पण मी पहिल्या पानावर सगळ्याच पुस्तकांवर लिसनर (बदल झाला की कळवणारा कोड) लावून ठेवला होता, म्हणजे पान उघडलं की ४,००० वाचनं. बारा वेळा उघडलं की ४८,०००, तेराव्या वेळी कोटा खलास. चूक सर्वस्वी माझी. यादी पानापानाने आणायची हे कुठल्याही डेटाबेसला लागू आहे. तरी त्यानंतर मला एक खोड लागली ती लागलीच: पडद्यावर काही नवीन दाखवायचं म्हटलं की आधी रिक्षाच्या मीटरकडे बघावं तसं वाचनांच्या आकड्याकडे बघायचं. किती पुस्तकं बाहेर आहेत एवढा एक आकडा दाखवायलाही मी सुरुवातीला सगळ्या नोंदी ओढत होते. मोजणीची स्वतंत्र क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) २०२२ पासून आहे, हे मला नंतर कळलं.

फायरस्टोअरमध्ये जॉइन, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी जोडून एकदम आणणं, नाही, हे वाचून माहीत होतं. अंगावर आल्यावर समजलं. देवघेवीच्या नोंदीत पुस्तकाचा नुसता क्रमांक ठेवला तर यादी दाखवताना प्रत्येक ओळीसाठी पुस्तकाचं वेगळं वाचन. म्हणून तिथे नावाचीच नक्कल ठेवायची, हीच तिथली रीत. मग एक काटेकोर स्वयंसेविका आल्या आणि त्यांनी पुस्तकांच्या नावांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला घेतले. पुस्तकांची यादी शुद्ध झाली, देवघेवीत जुनी अशुद्ध नावं तशीच. एका पुस्तकाची दोन नावं, आणि सभासदाला वाटतंय आपण भलतंच पुस्तक नेलं. नाव बदललं की सगळ्या नकला बदलणारं फंक्शन लिहावं लागलं. ते चाललं. पण तो सांभाळ माझ्याकडे आला, डेटाबेसकडे राहिला नाही.

आणि मग एक प्रत दोघांना गेली. म्हणजे कागदावर, प्रत्यक्षात पुस्तक एकच असल्यामुळे ते एकाच माणसाच्या पिशवीत होतं. नेट गेलेलं, दोन टेबलं सुरू, एकाने प्रत क्रमांक चुकीचा टाकला, दोन्ही नोंदी आपापल्या जागी साठल्या आणि नेट आल्यावर दोन्ही निमूट वर गेल्या. ट्रान्झॅक्शन, म्हणजे तपासणं आणि लिहिणं एकाच अखंड टप्प्यात, वापरलं असतं तर हे टळलं असतं. पण फायरस्टोअरमधलं ट्रान्झॅक्शन नेट नसताना चालतच नाही. नेटशिवाय काम हवं की दुहेरी नोंद नको, या पेचात मी दोन आठवडे घालवले. यावर एक तोड आहे, ती मला फार उशिरा सुचली: चालू देवघेवीच्या डॉक्युमेंटला प्रतीचाच क्रमांक नाव म्हणून द्यायचा, आणि सिक्युरिटी रूल्समध्ये (कोणी काय वाचायचं-लिहायचं याच्या नियमांत) नवीन डॉक्युमेंट करायला परवानगी, असलेल्यावर लिहायला मनाई. मग दुसरी नोंद वर जाताना परत फिरते. फिरते खरी, पण तोवर सभासद घरी गेलेला असतो.

याच सुमारास मी प्रश्न बदलला. हा डेटाबेस मला काय काय करू देतो, हे सगळेच सांगतात. हा नाही कशाला म्हणतो, आणि ते मी त्याला किती थोडक्यात शिकवू शकते?

सुपाबेस २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आत सरळ पोस्टग्रेस हा तक्त्यांचा डेटाबेस आहे. पोस्टग्रेसची मुळं १९८६ सालच्या बर्कली विद्यापीठातल्या प्रकल्पात. म्हणजे यातल्या अडचणी बहुतेक आधी कोणाला तरी येऊन गेलेल्या असतात. माझा दोन आठवड्यांचा पेच तिथे एका ओळीत सुटला: प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट, पण फक्त जिथे परतीची तारीख रिकामी आहे तिथेच. बाहेर असलेली प्रत पुन्हा द्यायला गेलं की डेटाबेस स्वतः नकार देतो. कोड कोणी लिहिला, कुठल्या पानावरून नोंद आली, याचा काही संबंध नाही. देवघेवीतून पुस्तक आणि सभासद यांना फॉरिन की (समोरची नोंद खरंच आहे ना हे राखणारे दुवे) लावल्या, त्यामुळे नावावर पुस्तकं असलेला सभासद आता चुकूनही पुसता येत नाही. नावाच्या नकला गेल्या, जॉइन आला, आणि ते सांभाळणारं फंक्शन मी आनंदाने कचऱ्यात टाकलं.

पुस्तक शोधण्यातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि "अ" अधिक चंद्र असंही. दिसायला सारखं, संगणकाला मात्र वेगळं. वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली अक्षरं एकरूप करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाही. निम्म्या स्वयंसेवकांचा कीबोर्ड एक लिहायचा, निम्म्यांचा दुसरं. पोस्टग्रेसमध्ये मी एक जनरेटेड कॉलम (दुसऱ्या रकान्यावरून आपोआप भरणारा रकाना) केला. त्यात दोन्ही रूपांचं एकच रूप होऊन नाव साठतं आणि शोध त्याच कॉलमवर चालतो. मराठीसाठी पोस्टग्रेसमध्ये शब्दांची रूपं ओळखणारी सोय आयती नाही. पण चार हजार नावांत साधं आयलाइक (नावात ती अक्षरं कुठेही असली तरी शोधणं) क्षणात उत्तर देतं, म्हणून मी पुढे गेले नाही.

आता सुपाबेसचा जड भाग. इथे ब्राउझर थेट डेटाबेसच्या तक्त्यांशी बोलतो, म्हणून कोणी काय पाहायचं हे रो लेव्हल सिक्युरिटीच्या पॉलिसीत, म्हणजे ओळीओळीच्या परवानगीच्या नियमांत, लिहावं लागतं. एसक्यूएलने (तक्त्यांच्या डेटाबेसच्या भाषेत) तक्ता केला आणि ती सिक्युरिटी चालू करायला विसरलात, तर ब्राउझरमधली सार्वजनिक चावी असलेला कोणीही तो वाचू शकतो. आणि चालू केली पण पॉलिसी लिहिली नाही, तर एरर येत नाही. शून्य ओळी येतात. माझी एक अख्खी संध्याकाळ रिकाम्या यादीपुढे गेली. फ्रंटएंड (पडद्यावरच्या पानाचा कोड) उलटापालटा केला, क्वेरी तीनदा लिहिली, आणि डेटाबेस बिचारा सांगितल्याप्रमाणे वागत होता.

दुसरी ठेच व्ह्यूची, म्हणजे तक्त्यासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरीची. मुदत उलटलेल्या पुस्तकांचा व्ह्यू केला आणि चाचणीत दिसलं की कुठल्याही सभासदाला सगळ्यांची थकबाकी दिसतेय. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू मुळात मालकाच्या अधिकाराने चालतो, खालच्या तक्त्यावरच्या पॉलिसी त्याला लागत नाहीत. आवृत्ती १५ पासून व्ह्यू विचारणाऱ्याच्या अधिकाराने चालवता येतो, एक शब्द वाढवावा लागतो. चाचणीत सापडलं म्हणून बरं. तेव्हापासून माझ्याकडे दोन खोटे सभासद आहेत. प्रत्येक बदलानंतर एकाच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्याचं काही दिसतं का ते बघते.

फायरबेसचे रूल्स वाचायला यापेक्षा सोपे, हे मान्य. पण तिथे एक खाच आहे: रूल हा गाळणी नसतो. "आपल्याच नोंदी दिसाव्यात" असा रूल लिहून सगळ्या नोंदी मागितल्या तर आपल्या तेवढ्या मिळत नाहीत, क्वेरीच नाकारली जाते. पॉलिसी गाळून देते. दोन्हींतलं कुठलं बरं, यावर माझं मत दर महिन्याला बदलतं. नाकारलेली क्वेरी निदान ओरडते तरी.

स्थलांतराला तीन सुट्ट्या लागल्या. फायरस्टोअरचा अधिकृत एक्स्पोर्ट बिलिंग चालू केल्याशिवाय होत नाही आणि तो दुसरा डेटाबेस सरळ वाचेल अशा रूपात नसतो, म्हणून मी स्क्रिप्ट लिहून डॉक्युमेंट वाचली आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्यांच्या फाइली) केल्या. फॉरिन की लावल्याबरोबर अकरा अनाथ नोंदी बाहेर पडल्या, ज्यांचा सभासदच अस्तित्वात नव्हता. पासवर्ड हलवायच्या भानगडीत पडले नाही. सगळ्यांना नवीन करायला लावले, आठवडाभर बोलणी खाल्ली.

गमावलं ते नेटशिवायचं काम. सुपाबेसच्या क्लायंटमध्ये ती सोय आयती नाही. मी ब्राउझरमध्ये छोटी रांग लिहिली आहे, ती परतीच्या नोंदी साठवते. पुस्तक द्यायचं असेल तर नेट लागतंच. नेट नसलं की द्यायच्या नोंदी कागदावर होतात. तुमचं काम मुळातच नेट नसलेल्या जागी चालणार असेल, तर माझं ऐकू नका, फायरस्टोअर घ्या. सुपाबेसच्या मोफत योजनेबद्दलही एक लक्षात ठेवा: आठवडाभर वापर नसला की प्रकल्प थांबवला जातो आणि हाताने पुन्हा सुरू करावा लागतो. त्या योजनेत आपोआप बॅकअपही नाहीत.

पॉकेटबेसवर माझा जीव आहे. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल; ती चालवली की एसक्यूलाइट (वेगळ्या सर्व्हरशिवाय फाइलीत चालणारा) डेटाबेस, लॉगिन, फाइल साठवण आणि ॲडमिनचं पान, सगळं हजर. असा अटीचा युनिक इंडेक्स एसक्यूलाइटलाही समजतो. सगळा डेटा एका फोल्डरात, त्यामुळे उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे फोल्डर नेणं. अडचण एवढीच की सर्व्हर तुमचा, म्हणजे मध्यरात्रीची जागही तुमची. मी रोज रात्री डेटाबेसच्या मुख्य फाइलची नक्कल घ्यायचे आणि खुशीत होते. एकदा सहज ती उघडून पाहिली तर शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी नाहीत. एसक्यूलाइट वॉल (WAL, राइट-अहेड लॉग) पद्धतीत चालत असताना नव्या नोंदी आधी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत जातात आणि ती पुरेशी भरली की मुख्य फाइलीत उतरतात. माझ्याकडे नोंदी इतक्या कमी की ती भरतच नव्हती. पॉकेटबेसमध्ये बॅकअपचं बटण आहे. ते सोडून मी स्वतःचं शहाणपण चालवलं होतं. शिवाय १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत जुना कोड चालेलच अशी हमी ते देत नाहीत, ०.२३ मध्ये बरंच काही बदललं. हौसेला ठीक, वर्षानुवर्षं हात न लावता चालावं अशा कामाला दोनदा विचार करा.

कन्व्हेक्स हा याच जातीचा आणखी एक प्लॅटफॉर्म दोन आठवडे वापरला. क्वेरी टाइपस्क्रिप्ट या भाषेतच लिहायच्या आणि डेटा बदलला की पडदा आपोआप बदलतो, हे मोहात पाडणारं आहे. एसक्यूएलची सवय झालेली असल्यामुळे मी रमले नाही, इतकंच. ॲपराइट, तोही असाच एक, फक्त उघडून पाहिला, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. आणि ज्यांना पायथन येतं आणि पडदा लगेच हलायची घाई नाही, त्यांनी जँगो (पायथनमधला वेब ॲप बांधायचा सांगाडा) विसरू नये. प्रकल्प सुरू करताच एसक्यूलाइट जोडलेला असतो आणि त्याचं ॲडमिन पान अशा वाचनालयाचं निम्मं काम तसंच उरकेल.

बाहेर पडायची वाट मी आता आधी बघते. पार्स ही याच जातीची सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं आणि वर्षभरात केली. कोड खुला केला म्हणून लोक तरले. फॉना हा डेटाबेस तर मे २०२५ मध्ये बंद झाला. सुपाबेस उद्या आवडेनासा झाला तर पीजी डम्प (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेऊन कुठल्याही पोस्टग्रेसवर मी तक्ते आणि इंडेक्ससकट उतरू शकते. लॉगिनचा भाग आणि त्यावर टेकलेल्या पॉलिसी पुन्हा जोडाव्या लागतील, पण पुस्तकं आणि देवघेव शाबूत.

डम्प रोज रात्री निघतो आणि वाचनालयाच्या संगणकावर जातो. महिन्यातून एकदा तो रिकाम्या पोस्टग्रेसवर उतरवून बाहेर असलेल्या प्रतींचा आकडा प्रत्यक्षाशी जुळतो का ते पाहते. गेल्या खेपेला दोनचा फरक आला. डम्प बरोबर होता. नेट नसताना दिलेल्या दोन पुस्तकांच्या नोंदी दुपारच्या कागदावरच राहिल्या होत्या.