अडीच की चार? 5 एचपी सबमर्सिबलची केबल

5 एचपी, 3 फेज सबमर्सिबल. बोअर 400 फूट (सुमारे 120 मीटर), स्टार्टर बोअरपासून 130 मीटरवर. म्हणजे केबल एकूण 250 मीटर. नेमप्लेटवर 9.5 अँपिअर. दुकानदार अडीच एमएम, म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असलेली केबल पुढे करतो, म्हणतो, करंटला भरपूर झाली. खोटं नाही. केबल तापणारही नाही. नुसते अँपिअर बघायचे तर चार एमएमला जास्त पैसे घालायचं कारणच नाही.

गोची लांबीची आहे. एवढ्या अंतरात अडीचमध्ये साधारण 26 व्होल्ट वाटेतच जातात (हाच ड्रॉप), चारमध्ये 16. लाइन 415 व्होल्ट असेल तर मोटारीला दोन्ही सारखंच. पण रब्बीत सगळे पंप सुरू झाले की 370 च मिळतात. पाणी तेवढंच उचलायचं, म्हणून मोटार करंट वाढवून घेते: हिशेबाने अडीचवर 11.6 अँपिअर, चारवर 11.2. फरक एवढासा वाटतो, पण 9.5 वर लावलेला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) 1.2 पटीला, म्हणजे 11.4 ला, दोन तासांच्या आत पडायलाच हवा. अडीच त्याच्या वर जाते, चार खाली राहते.

तो लगेच पडत नाही, हाच खरा वैताग. तासभर पाणी चालतं, मग ट्रिप. रात्रीची लाइट, बॅटरी घेऊन पेटीपर्यंत जा, रिसेट दाबा, परत बारं धरा (पाणी वाफ्यात वळवा), पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी रिले 13 वर फिरवतो. ट्रिप थांबते; पण एखादी फेज गेली की रिले उशिरा पडतो आणि मोटार जळून भरायला (वाइंडिंग करायला) न्यावी लागते.

चारमध्ये तांबं 60 टक्के जास्त, किंमतही त्याच अंगाने चढते. एकूण लांबी 120 मीटरच्या आत असेल तर मीही अडीचच घेईन. आणि लाइन 340-350 च येत असेल, तर चारनेही फार काही साधणार नाही. तिथे दुखणं डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं. आमच्याकडे मात्र अंतर मोठं, म्हणून चार घातली.

बोअरमध्ये अडीच आधीच उतरलेली असेल तर पंप वर काढू नका. स्टार्टर ते बोअर एवढेच 130 मीटर चारचे करा, ड्रॉप 26 वरून 21 वर येतो. जॉइंट बोअरच्या तोंडाशी, जमिनीच्या वर, झाकणाच्या पेटीत घ्या. टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉइंट पहिल्या पावसात ओल धरतो.