घाबरट कुत्र्यासाठी काय बरं: क्लास, हॉस्टेल की घरी येणारा ट्रेनर?

बस, थांब, ये एवढंच शिकवायचं असेल तर रविवारचा ग्रुप क्लास झकास, शिवाय स्वस्त. कुत्रा मुळातच भित्रा असेल तर मात्र हिशेब बदलतो. आमची चिंगी देशी, रस्त्यावर वाढून मोठेपणी घरी आलेली. माणसं, आवाज, गाड्या यांची सवय लागायचं पिल्लांचं खरं वय साधारण 3 ते 14 आठवडे. ते आमच्या हातातून कधीच निघून गेलेलं.

क्लासमधले सर समजूतदार होते. अडचण होती ती तिथवर पोचण्याची. आधी लिफ्ट, मग पार्किंगमधले हॉर्न, मग रिक्षा. मैदानात पाय ठेवेपर्यंत चिंगीचं अवसान संपलेलं असायचं. घरी फ्रीज उघडायच्या आत उकडलेल्या चिकनसाठी हजर होणारी ही बया तिथे तोच तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवायची. सारखी जांभया द्यायची, ओठ चाटायची. लिफ्टच्या फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटायचे, कारण कुत्र्यांना घाम येतो तो तळव्यांना. इतका घाबरलेला कुत्रा खात नाही, आणि शिकतही नाही. क्लास सुरू होण्याआधीच आमचा क्लास संपायचा. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हॉस्टेलला ठेवून शिकवण्याचा अनुभव आमचा नाही, शेजाऱ्यांचा. त्यांचा लॅब्रॅडोर छान तयार होऊन आला. भित्र्या कुत्र्याला मी तरी पाठवणार नाही. तिथे काय चालतं ते आपल्याला दिसत नाही, आणि तिथल्या अंगणात शिकलेलं आपल्या जिन्यात टिकेलच असं नाही. शिवाय गप्प झालेला कुत्रा धीट झालेला असतोच असंही नाही.

घरी येणारी ट्रेनर महाग पडली, हे खरं. पहिल्या दिवशी तर तिने चिंगीला हातही लावला नाही. दाराजवळ जमिनीवर बसून माझ्याशीच बोलत राहिली आणि चिकनचे तुकडे चिंगीच्या पलीकडे टाकत राहिली. तुकडा हातात धरून बोलावलं की कुत्रा हावेपोटी येतो, आणि खाऊन झाल्यावर अनोळखी माणूस वीतभर अंतरावर दिसला की दचकतो, कधी चावतोही. मागे पडलेला तुकडा घ्यायला त्याला लांब जाता येतं. पुढे लिफ्टचंही तसंच: दार उघडलं-मिटलं की लांब उभं राहून चिकन. भीतीची गोष्ट दुरून आणि सोबत आवडीचं खाणं, ही रीत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर वापरली होती.

अर्थात ट्रेनर तासभर येते, बाकी आठवडा राबायचं आपणच. 'एकदा ओढून घाला लिफ्टमध्ये, होईल सवय' म्हणणाऱ्या काकांना आवरायचं तेही आपणच. आणि सगळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. कधी कधी भीतीमागे दुखणं असतं, तर कधी औषधाची जोड लागते.

तुमचा कुत्रा मैदानात निवांत खात असेल तर क्लास जरूर करून बघा. घरी कुणाला बोलावणार असाल तर फोनवरच विचारून घ्या, कारण ट्रेनरची पाटी कुणीही लावतो: 'घाबरून खायचाच थांबला तर काय कराल?' 'अंतर वाढवू' म्हणाले तर बोलवा. चोक चेनचं, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचं, नाव निघालं तर फोन ठेवा.