ब्लीच कॅटलिस्टचे कोटेड दाणे: सहा महिने वापरल्यानंतर

डिशवॉशर पावडर आणि पांढऱ्या कपड्यांची ब्लीचवाली पावडर, दोन्हीत घालायला मँगनीज कॅटलिस्टचे (ब्लीचचा जोर वाढवणाऱ्या पदार्थाचे) कोटेड दाणे गेले सहा महिने वापरतेय. घ्यायच्या आधी खूप शोधलं पण सगळीकडे सप्लायर लोकांची माहितीपत्रकंच मिळाली, प्रत्यक्ष वापरलेल्या माणसाने लिहिलेलं काहीच नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. सप्लायरचं नाव घेत नाही. माल चांगला आहे, परत घेणार आहे, पण दोन तक्रारी आहेत आणि त्या छोट्या नाहीत.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. परकार्बोनेट, म्हणजे पावडरीतलं ब्लीच, पाण्यात गेलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो, पण त्याचा खरा जोर ६० अंशांच्या पुढे. त्याखाली धुवायचं तर टीएईडी नावाचं ब्लीचचं मदतनीस रसायन घालतात, ते पेरॉक्साइडशी मिळून पेरॅसेटिक ॲसिड देतं आणि ४० अंशाला चहाचे डाग बऱ्यापैकी जातात. फक्त टीएईडी काम करता करता संपतं, म्हणून ते पावडरीत काही टक्के घालावं लागतं. मेटल कॅटलिस्टचं तसं नाही, एकच रेणू पुन्हा पुन्हा काम करतो, त्यामुळे अगदी चिमूटभर पुरतं आणि पाणी आणखी गार असलं तरी फरक दिसतो. आम्ही घेतला तो ट्रायमिथाइल ट्रायॲझासायक्लोनोनेन नावाच्या लिगँडचा (लिगँड म्हणजे मँगनीजला धरून ठेवणारा रेणू), दोन मँगनीज अणूवाला. नाव लांब आहे, लॅबमध्ये सगळे टॅकन म्हणतात.

हाच प्रकार १९९४ मध्ये युनिलिव्हरने युरोपात पर्सिल पॉवर आणि ओमो पॉवर या नावांनी कपड्यांच्या पावडरीत आणला होता. प्रॉक्टर अँड गॅम्बलने धुऊन विरलेल्या, भोकं पडलेल्या कपड्यांचे फोटो दाखवले, आणि १९९५ च्या सुरुवातीला युनिलिव्हरला ती पावडर मागे घ्यावी लागली. ही गोष्ट डोक्यात असल्यामुळे मी कपड्यांच्या बाबतीत फार जपून आहे, त्यावर पुढे येतेच. डिशवॉशरमध्ये ती भीती नाही, काच आणि चिनीमातीला त्याने काही होत नाही, म्हणूनच टॅकनचं खरं बस्तान तिथे बसलं.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला आम्ही दाणे नाही, नुसती कॅटलिस्ट पावडरच मिसळली होती, पैसे वाचतील म्हणून. पहिल्या दिवशी धुलाई झकास आणि तीन आठवड्यांनी डबा उघडला तर पावडरीत तपकिरी ठिपके, आणि ठिपक्यांच्या आजूबाजूचं परकार्बोनेट मेलेलं. कारण सरळ आहे, पावडरीत थोडा ओलावा असतोच, अल्कली आहे, पेरॉक्साइड शेजारीच बसलाय, मग लिगँड तुटतो, मँगनीज सुटं होतं आणि त्याचं मँगनीज डायऑक्साइड बनतं. ते नुसतं रंग खराब करून थांबत नाही, ते स्वतःच पेरॉक्साइड फोडत बसतं, त्याचा ऑक्सिजन असाच उडून जातो आणि डागापर्यंत काही पोचतच नाही. म्हणजे कॅटलिस्ट गेलाच, वर ब्लीचही घेऊन गेला. त्या दिवसापासून मी कॅटलिस्टची पहिली धुलाई बघून मत बनवत नाही, डब्यात काय होतं ते बघते.

म्हणून या दाण्यांची परीक्षा पण डब्यातच घेतली. महागडं ह्युमिडिटी चेंबर नसेल तर एक सोपी युक्ती, घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, आत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते, वर जाळीवर पावडरीच्या उघड्या बाटल्या, आणि सगळं ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. चार बाटल्या केल्या: कॅटलिस्ट नसलेली, नुसत्या कॅटलिस्ट पावडरीची, दुसऱ्या एका ठिकाणच्या बिनकोटिंगच्या दाण्यांची आणि या कोटेड दाण्यांची. दर आठवड्याला सल्फ्युरिक ॲसिडमध्ये परमँगनेटने टायट्रेशन करून ॲक्टिव्ह ऑक्सिजन, म्हणजे ब्लीच किती शिल्लक आहे ते, मोजला. (परफ्यूम वगैरे पण थोडं परमँगनेट खातं, म्हणून प्रत्येक बाटलीचं पहिल्या दिवसाचं रीडिंग धरून त्यातली घटच बघायची.)

नुसती पावडर दुसऱ्या आठवड्यातच बसली. बिनकोटिंगचे दाणे चौथ्या आठवड्यापर्यंत बरे होते, नंतर कडेने तपकिरी व्हायला लागले. कोटेड दाण्यांची बाटली आठव्या आठवड्यात पण कॅटलिस्ट नसलेल्या बाटलीच्या अगदी जवळ होती, थोडीशी खाली, पण ठिपका एकही नाही. मला खरंच आनंद झाला, कारण हा भाग जमवणं किती अवघड आहे ते मी स्वतः हात पोळून बघितलंय.

दाणा मध्ये कापून भिंगाखाली बघितला. आतला गाभा बहुतेक सोडियम सल्फेटवर बांधलेला, कॅटलिस्ट त्यात सारखा पसरलेला, आणि बाहेर एकसंध पातळ थर, पत्रकाप्रमाणे पीव्हीएचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा. गाभ्याचं पाणी किंचित ॲसिडिक येतं, म्हणजे आत सायट्रिक ॲसिडसारखं काहीतरी घातलंय असा माझा अंदाज. ज्याने हे केलं त्याला विषय कळलाय, कारण साठवणीत या कॅटलिस्टचा खरा शत्रू अल्कली आहे, आणि नुसत्या कोटिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा दाण्याच्या पोटातच ॲसिडची सोबत देणं जास्त शहाणपणाचं. बिनकोटिंगवाल्यांनी गाभ्यात सोडा ॲश (म्हणजे अल्कलीच) वापरली होती, स्वस्त पडते म्हणून असेल, पण मग कॅटलिस्टला शत्रूच्या घरातच राहायला पाठवल्यासारखं झालं ना.

धुलाईचं सांगायचं तर डिशवॉशरमध्ये चहाचे जुने कप ५० अंशाच्या सायकलला टीएईडी अर्धं करून सुद्धा स्वच्छ निघाले. यावर जास्त लिहीत नाही, टॅकन चहावर चालतो हे नवीन नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी डोस अगदी कमी ठेवला, फक्त पांढऱ्या सुती कापडासाठी, आणि तेच कापड पंचवीस वेळा धुऊन मग ते किती ताण सहन करतं ते बघितलं. आमच्या डोसला कमजोरी जाणवली नाही. पण पत्रकात कपड्यांसाठी जो वरचा डोस लिहिलाय तो मी कधीच वापरणार नाही, आणि रंगीत कपड्यांच्या पावडरीत तर नकोच. कुणी करणार असेल तर नुसतं डोळ्यांनी बघून चालणार नाही, सेल्युलोजची (सुती धागा ज्याचा बनतो त्याची) साखळी तुटलेली सुरुवातीला दिसत नाही, कापड विरघळवून त्या द्रावणाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) मोजली की कळतं, भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता तक्रारी. पहिली, कोटिंग ठिसूळ आहे आणि हे पत्रकात कुठेही नाही. रिबन ब्लेंडरमध्ये सगळ्यांबरोबर घालून फिरवलं तर थर ओरखडतो, मग आठ आठवडे टिकणारा माल तीन आठवड्यांत ठिपके दाखवतो. पहिला पूर्ण बॅच आमचा असाच गेला. आता दाणे सगळ्यात शेवटी, कमी स्पीडला दोन मिनिटं, बस. टॅबलेट दाबणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, प्रेसखाली दाणा फुटतोच, म्हणून कॅटलिस्ट एका थरात आणि परकार्बोनेट दुसऱ्या थरात असं वेगळं ठेवा. एवढी माहिती विकणाऱ्याने स्वतःहून द्यायला हवी होती, फोन केल्यावर "हो मॅडम, ते शेवटीच घालतात" असं उत्तर आलं.

दुसरी तक्रार दाण्यांच्या साइजची. सर्टिफिकेटवर ०.४ ते १.२ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण दुसऱ्या लॉटमध्ये सगळा माल वरच्या टोकाचा आला, आमची पावडर बारीक, त्यामुळे पॅकिंगपर्यंत जाताना मोठे दाणे वेगळे पडले आणि काही पाकिटांत कॅटलिस्ट जास्त, काहींत जवळजवळ नाहीच. एवढ्या कमी डोसच्या मालात हे अजिबात चालत नाही. त्यात गार पाण्यात मोठे दाणे उशिरा सुटतात, २० अंशाला छोट्या सायकलमध्ये दोन-तीन दाणे तळाशी गुलाबी डाग सोडून बसलेले मी बघितलेत. पत्र लिहून वरची मर्यादा कमी करून मागितली, तिसरा लॉट ०.८ च्या आत आला आणि तेव्हापासून त्रास नाही.

बॅग उघडली की आतली पिशवी लगेच घट्ट बांधा. आमची एक अर्धी बॅग रात्रभर उघडी राहिली, सकाळी वरचे दाणे एकमेकांना चिकटलेले होते, ते चाळून बाजूला काढले आणि खालचे वेगळ्या बाटलीत टाकून परत ओव्हनमध्ये ठेवलेत, सध्या पाचवा आठवडा चालू आहे.