फायनल फँटसी चौदा : मोफत ट्रायलवर काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा ‘फायनल फँटसी चौदा’ हा इंटरनेटवर इतरांसोबत खेळायचा कथाप्रधान गेम बाजारात नवा नाही, पण ज्याने तो कधी उघडलाच नाही त्याच्यासमोर प्रश्न नव्या गेमसारखाच असतो: शेकडो तास मागणाऱ्या या जगात पाऊल टाकावे की टाकू नये? गेले काही महिने मी तो संगणकावर, मोफत ट्रायलच्या खात्यावर, नियमितपणे खेळत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. ज्यांना लांबलचक कथा वाचण्याची मनापासून आवड आहे त्यांनी हा गेम अवश्य खेळून पाहावा. ज्यांना पहिल्याच संध्याकाळी लढाईची रंगत हवी आहे त्यांनी दुसरे काही शोधावे. आणि या दोघांपैकी कोणीही निर्णय पक्का होईपर्यंत पैसे भरू नयेत.

पैसे भरू नयेत असे म्हणण्याचे कारण ट्रायलचे स्वरूप हे आहे. अनेक ऑनलाइन गेममध्ये मोफत ट्रायल चौदा दिवसांची किंवा काही तासांची असते. येथे दिवसांची मर्यादा मुळीच नाही. मूळ गेम, त्यानंतरचा ‘हेवन्सवर्ड’ हा २०१५ चा विस्तार (गेमला नंतर जोडलेला मोठा भाग) आणि ऑक्टोबर २०२३ पासून ‘स्टॉर्मब्लड’ हा २०१७ चा विस्तारही त्यात समाविष्ट आहे, आणि पात्राची पातळी सत्तरपर्यंत नेता येते. थोडे थोडे खेळणाऱ्या नोकरदार माणसाला एवढा मजकूर सहज वर्षभर पुरतो. त्या बदल्यात काही दारे बंद आहेत. खेळाडूंचा बाजार, म्हणजे मार्केट बोर्ड, वापरता येत नाही. जवळ तीन लाख गिलपेक्षा जास्त चलन ठेवता येत नाही. फ्री कंपनी नावाच्या संघटनेत सामील होता येत नाही. सामान राखणारे आणि विकणारे नोकर नेमता येत नाहीत. आणि स्वतःहून गट तयार करता येत नाही, मात्र दुसऱ्याने बोलावल्यास त्याच्या गटात जाता येते. कथेच्या वाटेवर यातले फारसे काही अडत नाही. अडते ते मित्रांसोबत एकत्र सुरुवात करणाऱ्यांचे, कारण सगळेच ट्रायलवर असतील तर गट करणार कोण, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. रांगेतून आपोआप जुळणाऱ्या गटांना हा नियम लागू नाही, एवढाच काय तो दिलासा.

या गेमचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आज जी रचना दिसते तिचे मूळ तेथे आहे. सप्टेंबर २०१० मध्ये आलेली पहिली आवृत्ती सपशेल फसली होती. भूप्रदेशाचे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरलेले होते, जास्त खेळल्यास मिळणारे अनुभवगुण घटवणारी थकव्याची व्यवस्था होती, आणि साध्या कामांसाठीसुद्धा मेनू किचकट होते. कंपनीने जाहीर माफी मागितली, मासिक शुल्क घेणे लांबणीवर टाकले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे दिली. त्यांनी जुना गेम चालू ठेवत पडद्यामागे नवा बांधला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले तेव्हा कथेतही आकाशातील दालामुद नावाचा उपग्रह कोसळून जुने जग उद्ध्वस्त झाले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रिअल्म रीबॉर्न’ या नावाने नवा गेम उभा राहिला. स्वतःच्या अपयशाला कथेचा भाग करून घेणारी ही माणसे मला फार धाडसी वाटतात. त्या अनुभवामुळे असेल, पण नवख्याला सांभाळून घेण्याची काळजी या गेममध्ये पदोपदी दिसते.

त्या काळजीचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे जुन्या डन्जनमध्ये (गटाने लढत पार करायच्या स्वतंत्र जागेत) नेहमी माणसे मिळणे. एका डन्जनला चौघे लागतात: एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (सोबत्यांना बरे करणारा) आणि दोघे हल्ला करणारे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डन्जनमध्ये आज कोण येणार, असे वाटू शकते. प्रत्यक्षात रोजच्या ‘रूलेट’मधून, म्हणजे यादीतले एखादे डन्जन नशिबाने नेमून देणाऱ्या सोयीतून, अनुभवी खेळाडू तेथे येतात, त्यांची पातळी आपोआप खाली आणली जाते, आणि गटात कोणी ते डन्जन प्रथमच पाहणारा असेल तर सर्वांना जादा बक्षीस मिळते. म्हणजे नवखा माणूस गटावरचे ओझे न ठरता गटाचा लाभ ठरतो. या गेममधील लोकांच्या सौजन्याचे सर्वत्र कौतुक होते. ते सौजन्य खरे आहे, मला ते वारंवार अनुभवायला मिळाले, पण त्याला पोसणारी ही व्यवस्था मला त्याहूनही मोलाची वाटते. डन्जन संपल्यावर प्रत्येकाला एका सोबत्याचे कौतुक नोंदवता येते, नवख्याच्या नावापुढे कोवळ्या रोपट्याचे चिन्ह असते, आणि ते दिसले की टँक सहसा आपला वेग थोडा कमी करतो.

ज्यांना अनोळखी माणसांसोबत खेळण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी ‘ड्यूटी सपोर्ट’ आहे. २०२२ पासून हळूहळू वाढवत नेलेल्या या सोयीमुळे मुख्य कथेतील चौघांची डन्जने कथेतल्याच पात्रांसोबत पार करता येतात. ही पात्रे सावकाश लढतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो; पण दोन लढायांच्या मधे निवांत उभे राहता येते. घरात माणसांचा राबता असेल, दाराची बेल वाजत असेल, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतील, तर या सोयीची किंमत कळते. खऱ्या माणसांसोबत असताना मध्येच उठून जाणे त्यांच्यावर अन्याय करणारे असते, आणि डन्जन अर्धवट सोडल्यास तीस मिनिटे पुन्हा रांगेत लागता येत नाही. आठ जणांच्या मोठ्या लढायांसाठी मात्र खरी माणसेच लागतात.

आता कथेविषयी, कारण निर्णय तिच्यावरच ठरतो. मुख्य कथेच्या क्वेस्टांची (खेळाडूवर सोपवलेल्या कामांची) साखळी हीच या गेमची एकमेव वाट आहे. नवे प्रदेश, नवी डन्जने, बहुतेक सोयी तिच्यामागेच कुलूपबंद आहेत. पहिला भाग संथ आहे आणि हे मी सौम्य शब्दांत सांगत आहे. निरोप पोहोचवा, सामान आणा, पुन्हा परत जा, अशी कामे पुष्कळ आहेत. पन्नासाव्या पातळीवर मूळ कथा संपल्यावर हेवन्सवर्ड सुरू होण्याआधी लागणारी मधली साखळी तर धीराची परीक्षा पाहते. २०२० मध्ये कंपनीने तिच्यातील बऱ्याच क्वेस्ट कापल्या, तरीही ती लांबच वाटते. परंतु त्याच साखळीच्या शेवटच्या प्रसंगांत, आतापर्यंत किरकोळ वाटलेल्या राजकारणाचे सगळे धागे एकत्र येतात, आणि तेथून इशगार्ड हे बर्फाळ शहर आणि ड्रॅगन यांच्यातील हजार वर्षांच्या युद्धाची कथा सुरू होते. ती मला अत्यंत आवडली. धर्मपीठाने सांगितलेला इतिहास आणि प्रत्यक्ष घडलेला इतिहास यांतील अंतर, आणि ते कळल्यावर श्रद्धाळू माणसांवर काय ओढवते, हा विषय तिने फार गांभीर्याने हाताळला आहे. म्हणून माझा सल्ला असा की, गेमची पारख मूळ कथेवर करू नये. इशगार्डमध्ये पोहोचून तेथील पहिला प्रदेश पाहावा आणि मग ठरवावे. मात्र तेथवर जाताना वाचन हेच जर शिक्षेसारखे वाटत असेल, प्रत्येक संवाद पुढे ढकलण्याकडेच हात जात असेल, तर पुढचा भाग कितीही चांगला असला तरी हा गेम तुमच्यासाठी नाही, आणि तो निःसंकोच सोडावा.

वाचनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गेम जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चार भाषांत आहे. बहुतेक संवादांना आवाज नाही, ते वाचावेच लागतात, आणि इंग्रजी मजकूर मुद्दाम जुन्या वळणाचा ठेवलेला आहे. उरियांजे नावाचे पात्र तर शतकांपूर्वीच्या धाटणीचे इंग्रजी बोलते. मराठी माध्यमातून शिकलेल्या शाळकरी मुलांना हे जड जाईल. ज्या मोठ्यांना इंग्रजी वाचनाची सवय आहे त्यांना दोन-तीन आठवड्यांत कान बसल्यासारखे डोळे बसतात.

भारतातून खेळणाऱ्यासाठी सर्व्हर कोणता निवडावा हा प्रश्न कथेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. या गेमची डेटा सेंटरे जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि जानेवारी २०२२ पासून ओशिआनिया येथे आहेत. भारतात एकही नाही. अमेरिका अंतरामुळे पहिल्यांदाच बाद करावी. उरलेल्या तिघांमध्ये केवळ पिंग (संदेशाला सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास लागणारा वेळ) पाहून भागत नाही, घड्याळही पाहावे लागते. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जपानमध्ये मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात आणि सिडनीमध्ये रात्रीचे दीड किंवा तेथील उन्हाळ्यात अडीच झालेले असतात, तर मध्य युरोपात दुपारचे साडेचार किंवा उन्हाळ्यात साडेपाच. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन, जेवण आटोपून खेळणाऱ्याला त्यामुळे युरोपच सोयीचा पडतो. तेथील गर्दी वाढत जाते तेव्हाच आपण रांगेत असतो. दुपारी किंवा सायंकाळी लवकर मोकळे असणाऱ्यांनी जपानचा विचार जरूर करावा. तेथील खेळाडू शिस्तीचे आहेत, आणि ठरावीक वाक्ये समोरच्याला त्याच्या भाषेत दाखवणारा शब्दकोश चॅटमध्येच असल्याने जपानी न येताही काम भागते.

एवढ्या अंतरावरून लढाई खेळण्याजोगी राहते का? बऱ्यापैकी राहते, आणि त्याचे कारण गेमच्या रचनेत आहे. मुख्य कौशल्ये साधारण अडीच सेकंदांच्या अंतराने वापरायची असतात, त्यामुळे पिंग दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे गेला तरी हात अडखळत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. शत्रूचा हल्ला जमिनीवर नारिंगी रंगाने आधी दाखवला जातो, पण तो कोणाला लागणार हे हल्ल्याची तयारी दाखवणारी शत्रूची पट्टी भरते त्या क्षणी ठरते; स्फोट त्यानंतर दिसतो. आपण पडद्यावर बाहेर पडलेले असतो आणि तरीही मार बसतो, याचे कारण सर्व्हरला आपली जागा उशिरा कळलेली असते. रंगाकडे न पाहता पट्टीकडे पाहून, ती भरण्याच्या जरा आधी निघण्याची सवय लावावी. दुसरी अडचण अशी की, दोन मुख्य कौशल्यांच्या फटीत दोन छोटी कौशल्ये बसवावी लागतात अशा निन्जा किंवा मशिनिस्टसारख्या भूमिकांत दुसरे कौशल्य उशिरा सुटते आणि पुढची लय बिघडते. हीलर किंवा मंत्र म्हणणाऱ्या भूमिकांना हा त्रास कमी होतो. मी कॉन्जरर या हीलर भूमिकेपासून सुरुवात करून पुढे तिचे प्रगत रूप असलेली व्हाइट मेज झाले आणि त्याचे समाधान आहे. निवड चुकण्याची भीती कोणीही बाळगू नये, कारण एकाच पात्रावर सर्व भूमिका शिकता येतात. शस्त्र बदलले की भूमिका बदलते. ट्रायलमधील मजकुरात या दोन्ही अडचणी निभावून जातात. पुढच्या अवघड ‘सॅव्हेज’ लढायांची स्वप्ने असतील तर मात्र भारतातून त्या जास्त मेहनतीच्या ठरतील, हे गृहीत धरावे.

पहिल्या तीस पातळ्यांपर्यंत कौशल्ये इतकी थोडी असतात की लढाई कंटाळवाणी होते, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले तर किमान आठ जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर सुमारे १४० जीबी जागा लागते. दिवसाला ठरावीक डेटा मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर हे उतरवणे अवघड आहे. खंडित वीजपुरवठ्याच्या गावात राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा. पण समजा संपर्क तुटलाच, तरी लगेच परत आल्यास डन्जनमधील आपली जागा सहसा शाबूत असते. संगीताविषयी लिहायला घेतले तर वेगळा लेख होईल. संगीतकार मासायोशी सोकेन यांनी कर्करोगावर उपचार चालू असताना रुग्णालयातूनही या गेमचे काम केले, हे त्यांनी २०२१ मध्ये स्वतः सांगितले. इशगार्डची रात्रीची धून हेडफोन लावून ऐकावी, एवढेच येथे म्हणते.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण म्हणजे हा गेम खेळाडूला जाऊ देतो. रोज हजेरी न लावल्याबद्दल शिक्षा नाही, कथा आपली वाट पाहत थांबते, आणि काही दिवस दुसरे काही खेळून परत या, असे योशिदा स्वतः जाहीरपणे म्हणत आले आहेत. याला एक अपवाद आहे, तो पैसे भरणाऱ्यांसाठी. गेममधील जमिनीचे तुकडे मर्यादित आहेत, ते सोडतीने मिळतात, आणि मिळालेल्या घरात पंचेचाळीस दिवस पाऊल टाकले नाही तर ते पाडले जाते. घराच्या ओढीने शुल्क भरत राहण्याची वेळ त्यामुळे येऊ शकते. नव्या माणसाने घराचा मोह सुरुवातीला टाळावा.

स्टॉर्मब्लड संपेपर्यंत मन रमलेले असेल तरच खरेदीचा विचार करावा. अमेरिकेतील दरांनुसार महिन्याचे शुल्क निवडलेल्या योजनेप्रमाणे १२.९९ किंवा १४.९९ डॉलर आहे, आणि ते गेमच्या किमतीव्यतिरिक्त आहे; शिवाय पोशाख, वाहने आणि कथा गाळून पुढे जाण्याची सोय दुकानात वेगळे पैसे घेऊन विकली जाते, ज्यांची गरज मला कधी वाटली नाही. एकदा खाते पूर्ण आवृत्तीचे झाले की त्याचे पुन्हा ट्रायलमध्ये रूपांतर होत नाही, आणि शुल्क थांबवले की त्याच पात्राने मोफत भागही खेळता येत नाही. संगणकावर मूळ गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून घेतला तर पुढचे विस्तारही स्टीमवरूनच घ्यावे लागतात आणि कंपनीच्या दुकानातून घेतला तर तेथूनच, तेव्हा सवलती कोठे जास्त मिळतात हे पैसे भरण्याआधी तपासून घ्यावे.