मराठी जिभेसाठी संस्कृत वर्णमाला : एका वर्गाचा अनुभव

देवनागरी लिपी बालवाडीपासून येत असल्यामुळे संस्कृत वर्णमालेत आपल्याला शिकण्यासारखे फारसे काही नाही, असा बहुतेक मराठी माणसांचा समज असतो, आणि संस्कृत शिकवणारे अनेक वर्गही तो गृहीत धरून पहिल्याच दिवशी ‘रामः रामौ रामाः’कडे वळतात. पुण्यात सदाशिव पेठेत एक निवृत्त प्राध्यापिका केवळ वर्णोच्चाराचा वर्ग घेतात. त्यांना जाहिरात नको असल्याने नाव देत नाही. परंतु उच्चार शिकवण्याची ही रीत नोंदवण्याजोगी आहे. वर्ग दोन महिन्यांचा, शनिवार-रविवारी संध्याकाळी दीड तास चालतो, आणि शुल्क दोन हजार रुपये आहे. येणाऱ्यांमध्ये ऋषिपंचमीला दगडूशेठ गणपतीपुढे होणाऱ्या सामुदायिक अथर्वशीर्ष पठणात बसू इच्छिणाऱ्या महिलांचा भरणा अधिक असतो, त्यामुळे सरावाचा मजकूरही मुख्यतः अथर्वशीर्षाचाच असतो.

शिकवण्याचा क्रम परंपरेतला आहे. कंठ, तालू, मूर्धा (टाळूचा वरचा भाग), दंत आणि ओष्ठ ही पाच स्थाने, त्यानंतर जीभ स्थानाला किती टेकते हे सांगणारे आभ्यंतर प्रयत्न, आणि मग घोष-अघोष (गळ्यात कंप असलेले व नसलेले), अल्पप्राण-महाप्राण (कमी व जास्त श्वासाचे) असे बाह्य प्रयत्न. ‘अकुहविसर्जनीयानां कण्ठः’ (अ, क-वर्ग, ह आणि विसर्ग यांचे स्थान कंठ) ही ओळ पाठ करून घेणारे शिक्षक पुष्कळ असतात. येथे मात्र ती सांगितल्यावर प्रत्येकाच्या हाती छोटा आरसा दिला जातो आणि जीभ खरोखर कोठे जाते ते पाहायला लावले जाते. ‘ग’ म्हणताना गळ्यावर बोट ठेवायचे, ‘क’ आणि ‘ख’ म्हणताना तळहात ओठांसमोर धरायचा. ‘दूध’चे ‘दूद’ आणि ‘हाथ’चा ‘हात’ करून टाकलेल्या आपल्या तोंडाला शब्दाच्या अखेरचा महाप्राण किती जड जातो, हे त्या तळहातावर लगेच कळते.

‘श’ आणि ‘ष’ यांचा तास मला सर्वांत उत्तम वाटला. मराठीत हे दोन वर्ण लिहिताना वेगळे आणि बोलताना एकच झाले आहेत, त्यामुळे ‘पोटफोड्या ष’ म्हणजे शुद्धलेखनाची एक कटकट, एवढाच आपला त्याच्याशी संबंध उरतो. बाईंनी त्यावर व्याख्यान दिले नाही. ‘ट’ म्हणण्यासाठी जीभ उचला, पण टेकवू नका, टाळूखाली बारीक फट राहू द्या आणि त्या फटीतून श्वास सोडा, एवढेच सांगितले. ‘कष्ट’ या शब्दात पुढचा ‘ट’ जिभेला आपोआप वर ओढून धरतो, म्हणून सुरुवात तेथून. मग ‘विष्णुः’, मग ‘भाषा’, आणि कोणाचाच आधार नसलेला ‘षट्’ सगळ्यांत शेवटी. हा क्रम ज्याने कोणी बसवला असेल त्याला अध्यापन कळते.

यापुढचा भाग खास मराठी माणसासाठी आहे, आणि या वर्गाचे वेगळेपण त्यातच आहे. आपल्याकडे ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चहा’तला तालव्य आणि ‘चाक’मधला दंत्य. संस्कृतात फक्त तालव्यच चालतो, आणि तरीही ‘राजा’ व ‘पूजा’ हे शब्द संस्कृत वाक्यात आले तरी आपण ते ‘जमीन’मधल्या ‘ज’नेच म्हणतो. ‘ऋतं वच्मि’ या दोन शब्दांवर तर अर्धा तास गेला. ‘ऋ’चा ‘रु’ होऊ द्यायचा नाही, अनुस्वाराचा ‘औं’ होऊ द्यायचा नाही, आणि ‘च्’ तालव्य ठेवायचा. ‘ब्रह्म’चे ‘ब्रम्ह’ करण्याची सवय तर इतकी मुरलेली आहे की ‘चिह्न’ हा शब्द मराठीने लेखनातही ‘चिन्ह’ असा करून घेतला. अंत्य स्वराचेही तसेच. मराठी नियमाने ‘कवी’, ‘गुरू’ दीर्घ लिहिणारा आणि बोलणारा माणूस ‘गणपति’ ऱ्हस्व म्हणताना हमखास लांबवतो, आणि ‘फल’, ‘वन’ यांतला शेवटचा ‘अ’ गिळून टाकतो. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या, म्हणजे आणखी लांबवलेल्या स्वराच्या, तीन, हे समजावण्यासाठी बाई पाणिनीच्या सूत्रामागचे कोंबड्याच्या आरवण्यातले उ-ऊ-ऊ३ स्वतः म्हणून दाखवतात, आणि वर्ग हसत हसत मात्रा मोजू लागतो.

‘ज्ञ’च्या बाबतीत त्यांनी घेतलेली भूमिका मला विशेष आवडली. हा वर्ण ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा आहे, हे त्या स्पष्ट सांगतात आणि तसा उच्चार करूनही घेतात. परंतु महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ‘द्न्य’ म्हणत आलेल्यांना चुकीचे ठरवून हिणवत नाहीत. एका गृहस्थांनी हिंदीतला ‘ग्य’ पुढे करून वाद घालायचा प्रयत्न केला, तेव्हा ‘दोघेही सारख्याच अंतरावर आहोत’ एवढे बोलून त्या पुढच्या वर्णाकडे गेल्या.

विसर्गाची मांडणीही नेमकी आहे. ‘हरिः’ म्हणताना मागच्या स्वराची छाया येते, म्हणून ‘हरिहि’सारखे ऐकू येते, पण ती केवळ छाया आहे, तिचे पूर्ण अक्षर झाले की मात्रा वाढते आणि श्लोकाचे वृत्त मोडते. ‘क-ख’ आणि ‘प-फ’ यांच्यापूर्वी विकल्पाने येणारे जिह्वामूलीय (जिभेच्या मुळाशी होणारा विसर्ग) व उपध्मानीय (ओठांतून फुंकरीसारखा होणारा विसर्ग) हेही शिकवले जातात. ‘पुनः पुनः’मधला पहिला विसर्ग ओठांतून हलकेच फुंकर घालून म्हटल्यावर त्या दोन शब्दांमधला अडखळा जातो.

उणिवा आहेत, आणि त्यांतली एक हास्यास्पद आहे. वाटली जाणारी टिपणे झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे हलन्ताचे पाय अनेक ठिकाणी उडाले आहेत, म्हणजे उच्चाराच्याच वर्गात ‘म’ आणि ‘म्’ ओळखू येत नाहीत. शेवटच्या तासांत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे वेदपठणातले स्वरांचे चढ-उतार घाईघाईने उरकले जातात. तो विषय स्वतंत्र वर्गाचा असल्याने येथे वगळला तर बरे. ऋग्वेदाच्या ‘अग्निमीळे’ या आरंभात आपला ‘ळ’ सापडतो हे मात्र त्या ओघात कळते, आणि हा एक वर्ण तरी मराठी माणसाला फुकट मिळतो.

परगावच्या आणि परदेशातल्या मराठी मंडळींसाठी हाच वर्ग ऑनलाइनही बसवला आहे. त्याची शिफारस मला तितक्या मोकळेपणाने करता येत नाही. दूरसंवादाच्या यंत्रणेतील गोंगाट कमी करणारी सोय श्वासालाच गोंगाट समजते, त्यामुळे विसर्ग आणि महाप्राण पलीकडे पोहोचतच नाहीत, आणि आवाज थोडा उशिरा येत असल्याने सर्वांनी मिळून म्हणणे तर अशक्यच होते. ऑनलाइनच बसायचे असेल, तर ती सोय बंद करावी, स्वतंत्र मायक्रोफोन वापरावा आणि आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून बाईंकडे पाठवावा. त्या प्रत्येक मुद्रण ऐकून उत्तर देतात. पुण्यात राहणाऱ्याने मात्र प्रत्यक्षच जावे आणि पहिल्या रांगेत बसावे, कारण मागून बाईंची जीभ दिसत नाही. नवी तुकडी साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होते, आणि जागा पंधराच असतात.