डब्ल्यूडीएम-२ या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल बनवून देतो म्हणून ९८,३१० ला टोपी घातली, कस्टम काम देणाऱ्यांनी जरूर वाचा

आधी हिशोब देते, म्हणजे किती गेले हे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको. ॲडव्हान्स १८,५००. मटेरियलचे ९,७५०. साउंड डीकोडरचे, म्हणजे मॉडेलच्या आत बसून इंजिनाचा आवाज काढणाऱ्या चिपचे, १३,४००. कस्टम्समधून पार्सल सोडवायचे म्हणून ७,८६०. झाले ४९,५१०, सगळे यूपीआयने. त्यावर माझं २४,००० चं इंजिन आणि ६,२०० चा एक असे चार डबे, म्हणजे २४,८००. एकूण ९८,३१०. ऑनलाइन फसवणुकीत नुसते पैसे जातात, इथे मी माझा माल पण बबल रॅपमध्ये गुंडाळून, खोक्यावर चारी बाजूंनी 'नाजूक' लिहून स्वतःच्या खर्चाने त्या माणसाकडे पोचवला. याचा संताप अजून जात नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, एचओमध्ये, म्हणजे १:८७ मापात, आपल्या गाड्या रेडिमेड फारशा मिळत नाहीत, त्यामुळे परदेशी इंजिन घ्यायचं आणि त्याचं भारतीय करायचं हाच रस्ता. डब्ल्यूडीएम-२ मुळात अल्को या अमेरिकन कंपनीचंच डिझाइन, १९६२ ला पहिली अमेरिकेतून आली, नंतर वाराणसीला बनायला लागली, म्हणून अमेरिकन अल्कोचं सहा ॲक्सलवालं मॉडेल पकडलं की बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, तरी बरोबर मिळते. बाकी कॅब, हूड, बफर, कॅटलगार्ड, ०.४ मिमीच्या पितळी तारेच्या रेलिंग, सगळं नव्याने करायचं. वायरिंग मी स्वतः करते, डीकोडर लावायचं आठ पिनचं सॉकेट मीच बसवलं होतं, पण एअरब्रश आणि एचिंग (पितळी पत्रा रसायनाने कोरणं) माझ्या हातचं काम नाही. बाबा मिरजेला ड्रायव्हर होते, पुण्याला विजेचं इंजिन काढून डिझेल लागायचं त्या काळातले, त्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या नंबरचं इंजिन आणि मागे जुन्या विटकरी रंगातले चार आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचे) डबे असं द्यायचं ठरवलं होतं. त्यामुळे तारीख ठरलेली होती, आणि ती तारीख मीच त्याला पहिल्या फोनवर सांगितली. कुणालाही तुमची डेडलाइन सांगू नका. त्याला तेच हवं असतं.

आता कुणी म्हणेल अनोळखी माणसाला एवढे पैसे दिलेच का. अनोळखी नव्हता. आपल्या मॉडेल रेल्वेच्या ग्रुपवर दोन-अडीच वर्षं होता, डीकोडरचे सीव्ही (सेटिंगचे आकडे) कसे सेट करायचे यावर लोकांना पानपानभर उत्तरं द्यायचा, ग्रुपमधल्या एकाचा स्लीपर डबा त्याने खरंच करून दिला होता आणि तो डबा मी हातात घेऊन बघितलाय. खिडक्यांच्या आडव्या गजांसाठी एच केलेली पितळी पट्टी, केसाएवढे बारीक गज, आणि इमर्जन्सी खिडकीला गज नाहीत हेसुद्धा त्याने पाळलं होतं, एवढं कोण बघतं सांगा. असा माणूस चोर असेल हे कुणाच्या डोक्यात येईल? एक काम चोख करून दाखवायचं आणि त्याच्या जिवावर पुढच्या सगळ्यांकडून ॲडव्हान्स उचलायचा, पद्धत तीच जुनी, पण त्या डब्याने माझी सगळी शंका संपवली होती. नंतर कळलं की माझ्याशिवाय अजून तिघांचा माल त्याच्याकडे अडकलाय आणि त्यातले दोघं लाजेपोटी बोलत नव्हते. बोला बाबांनो. तुम्ही आधी बोलला असतात तर माझं इंजिन घरी असतं.

आता तो फोटो. रात्री साडेअकराला त्याने 'ताई, बघा प्रोग्रेस' म्हणून चार फोटो टाकले. हूडवर प्रायमर, रेलिंग सरळ, कॅबची खिडकी नीट कापलेली, हेडलाइटची जागा बदललेली, मी तर हरखूनच गेले. तिसरा फोटो बाजूने काढलेला होता. त्यात बोगीची तिन्ही चाकं सारख्या अंतरावर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डब्ल्यूडीएम-२ ची अल्को ट्रायमाउंट बोगी असमान असते, पहिल्या-दुसऱ्या चाकातलं आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर सारखं नसतं, आणि माझ्या इंजिनाची बोगी तशीच असमान होती, म्हणून तर मी ते मॉडेल निवडलं होतं! म्हणजे फोटोतलं इंजिन माझं नव्हतंच. समोर स्क्रीनवर होतं, झूम करून बघत होते, चाक चाक मोजलं. आणि मी विचारलंसुद्धा, हे इथे मुद्दाम लिहितेय, कारण 'तुझ्या लक्षात कसं नाही आलं' असं मला दहा जण ऐकवून गेलेत. लक्षात आलं होतं. मी लगेच मेसेज टाकला, दादा बोगी वेगळी दिसते. त्याचं उत्तर आलं, 'ताई, तुमच्या बोगी काढून रंगाला ठेवल्यात, बॉडी उभी करायला दुसऱ्या मॉडेलच्या लावल्यात.' आता रंगवताना बोगी काढतातच, हे मी पण करते. उत्तर पटण्यासारखं होतं म्हणून पटलं. काम न येणारा भामटा असता तर तिथेच अडखळला असता, याला काम येत होतं म्हणून खोटं पण कामातलंच बोलला. त्या क्षणी एकच वाक्य लिहायला हवं होतं, 'मग त्या काढलेल्या बोगींचा फोटो टाका, शेजारी आजचा पेपर ठेवून.' हे एक वाक्य. रोज रात्री आठवतं. ते फोटो एका परदेशी मॉडेलरच्या जुन्या अल्बममधून कापलेले होते, हे पुढे एकाने इमेज सर्च करून दोन मिनिटांत दाखवलं. तुम्ही ते आधी करा, प्रत्येक फोटोचं करा, समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

कस्टम्सच्या ७,८६० बद्दल पण लोक बोलतात. इंपोर्टेड खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० झाली, स्केल मॉडेल त्याच वर्गात मोडतात, वर बीआयएसच्या प्रमाणपत्राचं झंझट, पार्सल अडकणं हे आपल्या छंदात रोजचं आहे. त्यामुळे अल्को २५१ चा (डब्ल्यूडीएम-२ मधल्या डिझेल इंजिनाचा) आवाज भरलेला डीकोडर बाहेरून मागवलाय आणि अडकलाय, हे ऐकून मला नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. वर त्याने पावतीचा फोटो पाठवला. पण पैसे त्याच्या नंबरवर न मागता 'क्लिअरिंग एजंट' म्हणून भलत्याच नावाच्या यूपीआयवर मागितले. ड्युटी कधीही कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर भरत नाहीत. नाव वेगळं आलं की तिथेच थांबा, मग तो कितीही ताई ताई करू दे.

हे पैसे गेले आणि नंबर बंद. डीपी गायब, ग्रुपमधून बाहेर.

आणि मग जे सुरू झालं त्याचा त्रास पैसे गेल्यापेक्षा जास्त आहे. चौकीत गेले, तिथल्या साहेबांनी फोटो बघून विचारलं, 'मॅडम, मुलाचं खेळणं का?' मी म्हटलं माझं आहे, आणि जवळपास लाखाची फसवणूक आहे. ते शेजारच्याला फोटो दाखवून हसले. मग म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे, काम वेळेत झालं नाही म्हणून वाद आहे, कोर्टात जा. अहो काम झालंच नाही, फोटो दुसऱ्याचे होते, पावती बनावट होती, यात दिवाणी काय आहे? वकील मैत्रिणीने सांगितलं होतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीला आणि विश्वासाने दिलेला माल लाटला म्हणून ३१६, ते मी कागदावर लिहून नेलं होतं. तर 'तो माणूस आमच्या हद्दीतला नाही.' झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यायचा असतो. तर 'कायदा आम्हाला शिकवू नका.' शेवटी एक साधा अर्ज घेतला आणि शिक्का मारून हातात दिला, त्यात माझं नाव चुकवलं आणि इंजिनाऐवजी 'खेळण्यातील रेल्वे' लिहिलं. मी ते खोडायला लावलं. खोडून घ्याच, कारण पुढे प्रत्येक जण तो कागद वाचून तुमच्याकडे बघतो.

कुरियरवाल्यांकडे गेले की खोकं कुणी सही करून घेतलं ते सांगा, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात एफआयआर असल्याशिवाय पत्र नाही. एफआयआर का नाही, तर समोरच्याचा पत्ता पक्का नाही. पत्ता कुणाकडे आहे, तर कुरियरवाल्यांकडे! बँकेत मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मॅम, पिन तुम्हीच टाकलाय, हे अनऑथराइज्ड होत नाही.' पिन मीच टाकला, पण ज्या कामासाठी टाकला ते काम खोटं होतं, ही गोष्ट कुठल्याच फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, ती अजून 'अंडर प्रोसेस' आहे. एक मात्र करा, पैसे गेले हे कळल्या मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, सकाळची वाट बघू नका, लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे गोठवता येतात. मी आधी त्या माणसालाच शोधत बसले आणि तोवर खात्यातून पैसे पुढे गेले होते. नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे, डेक्कन क्वीन सुरू झाली ते साल. ग्राहक आयोगात पण ऑनलाइन तक्रार होते, पाच लाखांपर्यंत फी नाही, ती मी केली आहे आणि करायलाच हवी.

यात सगळ्यात संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर कुणीतरी एक अल्को विकायला काढलं, बॉडी उघडून आतला फोटो टाकलेला. सॉकेट बसवताना माझ्याकडची नारिंगी वायर संपली होती म्हणून मी मोटरच्या एका टोकाला जांभळी वायर लावून त्यावर पिवळी स्लीव्ह (वायरवर चढवायची नळी) चढवली होती. फोटोत जांभळी वायर, पिवळी स्लीव्ह, आणि सोल्डरचा थेंब एका बाजूला ओघळलेला, तो माझा हात मी ओळखते. माझ्याकडे त्याच सॉकेटचा पाठवायच्या आधी काढलेला फोटो आहे, दोन्ही शेजारी ठेवून चौकीत नेले. साहेब म्हणाले, 'सगळी इंजिनं आतून सारखीच असतात मॅडम.' दुसऱ्या दिवशी ती जाहिरात निघाली होती, विकलं गेलं.

माल पाठवायचाच असेल तर आधी आतून फोटो काढा, वायरिंगचे, चॅसीखालचे, चाकांचे. बॉडीच्या आत कुठेतरी सुईने स्वतःची खूण करा. डबे आणि इंजिन एकदम पाठवू नका, एक डबा द्या, तो परत आला की दुसरा. मटेरियल तुम्हीच विकत घेऊन पाठवा. रंगाला काढलेली वस्तू व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा आणि तो आढेवेढे घ्यायला लागला तर 'रेंज नाहीये' वगैरे ऐकून घेऊ नका.

आणि ज्यांनी गेल्या काही महिन्यांत सेकंडहँड सहा ॲक्सलचं अल्को घेतलं असेल त्यांनी कृपया बॉडी उघडून बघा. आठ पिनचं सॉकेट, मोटरला एक करडी आणि एक जांभळी वायर, जांभळीवर पिवळी स्लीव्ह असेल तर ते माझं आहे. तुमच्यावर माझा काही राग नाही, तुम्ही दिले ते पैसे मी तुम्हाला देईन, फक्त कुणाकडून घेतलं आणि कुठल्या खात्यात पैसे टाकले ते मला कळवा.