आर्किकॅडचा कॉम्प्लेक्स प्रोफाइल: भिंतीला मुद्दाम पोट द्यायचं असेल तर

भिंतीला पोट आलंय म्हटलं की साइटवर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण मला ते मुद्दाम द्यायचं होतं. ४.२ मीटर उंच लॉबीची भिंत, खालचे ९०० मिमी सरळ, मग बाहेर फुगलेली आणि वर जाऊन छताकडे आत वळलेली. म्हणजे वक्र प्लॅनमध्ये नाही, सेक्शनमध्ये, भिंत उभी कापली तर दिसणाऱ्या आकारात. प्लॅनमधली गोल भिंत कुठलंही सॉफ्टवेअर दोन-तीन क्लिकमध्ये देतं हो, खरी गंमत सेक्शन वाकवायची असते तेव्हा सुरू होते. हे काम आर्किकॅड या इमारतींचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइल मॅनेजरमध्ये केलं, त्याआधीही बरेचदा वापरलाय, त्यामुळे एकदाचं लिहून टाकतो.

आधी निकाल: आवडतं. पण हे टूल घाई करणाऱ्याचं नाही, आणि मी घाई करणारा आहे.

कल्पना एकदम सोपी आहे. प्रोफाइलची वेगळी विंडो उघडते, त्यात भिंतीचा सेक्शन फिल, म्हणजे भरीव आकार, वापरून काढायचा, प्रत्येक फिलला त्याचं बिल्डिंग मटेरियल द्यायचं, वीट वेगळी, इन्सुलेशन वेगळं, प्लास्टर वेगळं, आणि सेव्ह केलं की तो सेक्शन नेहमीच्या वॉल टूलने ओढत न्यायचा. सरळ ओढा, गोल ओढा. विंडोच्या मधोमध ओरिजिनची फुली दिसते, भिंतीची रेफरन्स लाइन, म्हणजे भिंत ओढताना जी रेषा आपण काढतो ती, तिथून जाते, म्हणून फुलीच्या कुठल्या बाजूला किती भाग येतोय हे काढायच्या आधीच ठरवा. मी पहिल्यांदा सेक्शन कुठेतरी लांब काढून ठेवला आणि मग भिंत रेफरन्स लाइनपासून दीड मीटरवर का उभी राहते याचा अर्धा तास शोध घेत बसलो, असो.

सगळ्यात मोठी फायद्याची गोष्ट म्हणजे एवढं सगळं करून भिंत ही भिंतच राहते. दारं-खिडक्या बसतात, शेड्यूलमध्ये भिंत म्हणूनच येते, बिल्डिंग मटेरियलच्या प्रायॉरिटीप्रमाणे, म्हणजे कोणी कोणाला कापायचं या क्रमाने, दुसऱ्या भिंतीला, स्लॅबला जुळते. हवा तसा मुक्त आकार देणाऱ्या मॉर्फ टूलने हाच आकार कदाचित पटकन निघेल पण मग त्यात दार बसवायला जा, भोक हाताने पाडायचं आणि उंची बदलली की सगळं परत. हौशी मंडळी वक्र दिसला की थेट मॉर्फकडे पळतात, तसं करू नका एवढंच सांगेन.

आता स्ट्रेच, म्हणजे भिंत ताणली जाण्याबद्दल, कारण माझी वाट इथेच लागली होती. प्रोफाइल एडिटरमध्ये आडव्या आणि उभ्या स्ट्रेचसाठी वेगळ्या रेषा असतात, उभ्या स्ट्रेचच्या दोन रेषांमधला भाग भिंतीची उंची बदलली की ताणला जातो, बाहेरचा भाग आहे तसा राहतो. मी त्या रेषांकडे ढुंकूनही न बघता पुढे गेलो आणि त्या राहिल्या नेमक्या पोटाच्या खाली-वर. मजल्याची उंची ४.२ ची ४.५ झाली, सगळ्या भिंती सिलेक्ट करून उंची बदलली आणि पोटाचा आकारच बिघडला, वळणं जिथे एकमेकांना गुळगुळीत मिळायची तिथे चक्क कोपरा दिसायला लागला. चूक पूर्णपणे माझी. रेषा खालच्या सरळ ९०० मिमीच्या आत आणून ठेवल्या तेव्हा वाढलेले ३०० मिमी गुपचूप खालच्या सरळ भागात गेले, तो १२०० झाला, आणि वरचा सगळा वक्र जसाच्या तसा वर सरकला. म्हणजे सेक्शन काढतानाच विचारायचं की बाबा, उद्या उंची वाढली तर कोणी वाढायचं? आणि त्या उत्तरासाठी सेक्शनमध्ये कुठेतरी सरळ तुकडा हवा, नसेल तर प्रत्येक उंचीला वेगळा प्रोफाइल करायची तयारी ठेवा.

दुसरी भानगड स्प्लाइनची, म्हणजे ठरावीक त्रिज्या नसलेल्या मुक्त वक्र रेषेची. डिझाइनचं स्केच स्प्लाइनमध्ये होतं, मी ते प्रोफाइल विंडोत पेस्ट केलं, स्पेसबार दाबून मॅजिक वाँडने (रेषांच्या आतला भाग आपोआप भरणारं टूल) त्यात फिल भरलं आणि खूश झालो. पण मॅजिक वाँड स्प्लाइनचे बारीक बारीक सरळ तुकडे करतं. थ्रीडीमध्ये त्या प्रत्येक तुकड्याची एक पट्टी, आणि भिंत प्लॅनमध्येही गोल असली तर पट्ट्या गुणिले पट्ट्या, मॉडेल फिरवताना माउस आज हलवला की उद्या फिरतं अशी अवस्था. नंतर तोच सेक्शन एकमेकांना स्पर्शून जाणाऱ्या तीन आर्कनी, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यांनी, परत काढला. डोळ्याला फरक दिसत नाही, फाइल हलकी, आणि सेंटरिंगवाल्याला (साइटवर साचा बांधणाऱ्याला) त्रिज्या आकड्यात सांगता येते, जे स्प्लाइनमध्ये काही केल्या जमत नाही.

वक्राचे तुकडे किती चालतील याचा हिशोब एकदा मांडून बघा, डोकं शांत होतं. २ मीटर त्रिज्येचा काटकोनाएवढा आर्क, त्याचे १२ सरळ तुकडे केले तर खऱ्या वक्रापासून जास्तीत जास्त ४ मिमीच्या आसपास फरक पडतो, २४ केले तर १ मिमी. तुकडे दुप्पट, फरक पाव. आणि लांबी? खरी ३.१४२ मीटर, १२ तुकड्यांची ३.१३९. म्हणजे प्लास्टरच्या क्वांटिटीला काही होत नाही, होतं ते रेंडरमध्ये, भिंतीवर तिरपा उजेड पडला की पट्ट्या दिसतात.

दाराबद्दल लिहिलंच पाहिजे. फुगीर भिंतीत दार बसवलं की प्रश्न येतो, चौकट नक्की कुठल्या प्रतलात उभी? यासाठी एडिटरमध्ये ओपनिंग रेफरन्सची वेगळी रेषा आहे, दार-खिडकी त्या रेषेला धरून बसते. ही रेषा फार कमी लोकांना माहीत असते, मलाही कोणीतरी दाखवली तेव्हा कळली. पण रेषा बरोबर ठेवली तरी भूमितीचं व्हायचं ते होतंच, चौकट सरळ उभी, भिंतीचा बाहेरचा चेहरा फुगलेला, मग चौकटीच्या बाजूची भिंतीची जाडी खाली कमी आणि वर जास्त, आणि दाराच्या डोक्यावर भिंत पुढे आलेली. माझ्याकडे खाली २३० मिमी होती ती दाराच्या माथ्याशी जवळजवळ दुप्पट झाली. हे सॉफ्टवेअर सोडवून देत नाही, द्यावं असंही नाही, पण सेक्शन कापला की लगेच दिसतं आणि डिटेल आपल्यालाच काढायला लागतो.

प्लॅनमध्ये ही भिंत कशी दिसते तेही आधी बघून घ्या. फ्लोअर प्लॅन कट प्लेन, म्हणजे प्लॅन ज्या उंचीवर आडवा कापून दाखवला जातो ती पातळी, १.१ मीटरवर असेल तर तिथे माझं पोट जेमतेम सुरू झालेलं, त्यामुळे प्लॅनमध्ये भिंत सडपातळ आणि प्रत्यक्षात २ मीटरवर बाहेर आलेली. प्रोजेक्टेड विथ ओव्हरहेड असा डिस्प्ले ठेवला की वरचा भाग वेगळ्या रेषेने दिसतो, नाहीतर कोणीतरी उंच कपाट भिंतीला चिकटवून दाखवणार आणि ते बसणार नाही.

२०१८ च्या आर्किकॅड २२ पासून प्रोफाइलमध्ये ऑफसेट मॉडिफायर आले, म्हणजे दोन कडांमधल्या अंतराला नाव द्यायचं आणि मग एकाच प्रोफाइलच्या वेगवेगळ्या भिंतींना ते अंतर वेगळं देता येतं. प्लास्टरची जाडी, खालच्या पट्टीची उंची असल्या गोष्टींना झकास. त्याआधी प्रत्येक फरकाला नवीन प्रोफाइल करत बसायचो आणि यादीत वॉल नवीन, वॉल नवीन २, वॉल फायनल असली पिलावळ जमायची.

मर्यादा एकच पण मोठी आहे, सेक्शन भिंतीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला फुगलेली अशी हळूहळू बदलणारी भिंत यात होत नाही, त्याला शेल टूलचा रूल्ड प्रकार (दोन वेगळ्या कडांमध्ये पृष्ठभाग ताणणारा) बघा किंवा मॉर्फ किंवा सरळ ऱ्हायनो हे दुसरं सॉफ्टवेअर, तिथे वक्र नर्ब्समध्ये, म्हणजे तुकडे न करता गणिती सूत्राने, खराखुरा असतो. प्लॅनमध्ये फार लहान त्रिज्येची गोल भिंत काढून आतल्या बाजूला पोट दिलं तर ते स्वतःतच घुसतं हेही लक्षात ठेवा, रेफरन्स लाइनपासून पोट जितकं आत येतं त्याहून त्रिज्या चांगली मोठी हवी. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचा प्रोफाइल एकच असेल तर सांधा सुरेख कापला जातो, वेगळे असतील तर सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्स (एका आकारातून दुसरा वजा करायची सोय) आणि थोडा संयम.

रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाले विचारतील म्हणून, तिकडे तिरपी भिंत २०२१ च्या व्हर्जनमध्ये आणि वर निमुळती होत जाणारी २०२२ मध्ये आली, पण वक्र सेक्शनसाठी आधी मास, म्हणजे नुसता ढोबळ आकार, करून त्याच्या फेसवर भिंत चढवायची किंवा मॉडेल इन-प्लेस, म्हणजे त्या जागेपुरता आकार हाताने घडवायचा. मास बदललं की भिंत आपोआप बदलत नाही, सिलेक्ट करून अपडेट टू फेस दाबायचं. बदलता वक्र असेल तर ती पद्धत उलट जास्त मोकळी आहे, तेवढं श्रेय द्यायला पाहिजे. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये फॉलो मी (सेक्शन रेषेवरून ओढत नेणारं टूल) ने दोन मिनिटांत आकार मिळतो, डिफॉल्ट आर्कचे तुकडे १२ असतात ते काढतानाच वाढवून घ्या, पण तो नुसता आकार, भिंत नव्हे.

आयएफसी, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देवाणघेवाणीचा फाइल प्रकार, त्याबद्दल एकच, सगळं मॉडेल पाठवायच्या आधी अशी एकच भिंत, दारासकट, एक्सपोर्ट करून स्ट्रक्चरवाल्याला उघडून बघायला सांगा. आमच्याकडे ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर पट्ट्यांचा गठ्ठा दिसत होता आणि तेव्हाही मी स्प्लाइनवालाच प्रोफाइल पाठवला होता.